मराठी वाचायला जास्त वेळ लागला, म्हणजे मराठी कच्ची झाली का?

प्रश्न थोडक्यात असा. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही मराठी घरात वाढलेल्या, पण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना एकाच गोष्टीचे मराठी आणि इंग्रजी उतारे संगणकावर वाचायला दिले. बटण दाबलं की पुढचा शब्द, अशा पद्धतीने. मग दर शब्दामागचा सरासरी वेळ काढला आणि तो मराठीत सरळसरळ जास्त आला. मार्गदर्शक म्हणतात, मातृभाषा दुय्यम झाल्याचा हा पुरावा आहे, निष्कर्षात तसं लिहा. तुम्हाला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नेमकं मांडता येत नाहीये. शिवाय आय ट्रॅकर (वाचताना नजर कुठे, किती वेळ थांबते ते टिपणारं यंत्र) नसल्यामुळे सगळा अभ्यासच लंगडा ठरेल, अशी धास्ती आहे.

तुमची शंका रास्त आहे. तुमच्या आकड्यांत खोट आहे असं मी म्हणत नाही. पण ‘मराठी वाचायला जास्त वेळ लागतो’ आणि ‘मराठी कमी येते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधल्या बऱ्याच गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. त्यातल्या कोणत्या तुमच्या बाबतीत भारी पडल्या असतील, हे उतारे, फॉन्ट आणि सहभागींची पार्श्वभूमी पाहिल्याशिवाय सांगणं अवघड आहे. असा डेटा समोर आला की मी स्वतः कसा विचार करते, तेवढं सांगते.

वेळ मोजून मनातल्या प्रक्रियेचा अंदाज बांधायची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शरीरशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये वजाबाकीची पद्धत मांडली. दोन कामं अशी घ्यायची की दुसऱ्यात एकच टप्पा जास्त असेल. दोन्हींच्या वेळेतला फरक म्हणजे त्या टप्प्याचा वेळ. भाषेच्या मानसशास्त्रात, म्हणजे आमच्या क्षेत्रात, निम्मंअधिक काम अजूनही याच वजाबाकीवर चालतं. अट मात्र कडक आहे: फरक एकाच गोष्टीचा हवा. तुमच्या दोन उताऱ्यांत भाषा वेगळी, लिपी वेगळी, शब्दांची लांबी वेगळी, शब्द कुठे तोडायचा याची रीत वेगळी, वाचनाचा सराव वेगळा, आणि त्यात एक उतारा मूळ नि दुसरा अनुवाद. वजा करून जे हाती येतं ते या सगळ्यांचं मिळून येतं. त्यातला भाषेचा वाटा किती, हे त्या एका आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

सगळ्यात आधी मोजमापाचं एकक बघा. ‘घरासमोरच्या झाडाखाली मुलं खेळत होती’ हे वाक्य घ्या. मराठीत पाच शब्द, म्हणजे बटण पाच वेळा. इंग्रजीत हेच ‘द चिल्ड्रन वेअर प्लेइंग अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ द हाऊस’, बारा शब्द. या बारांत ‘द’ तीनदा, शिवाय ‘इन’ आणि ‘ऑफ’. एरवी इंग्रजी वाचताना साधारण तिसरा हिस्सा शब्दांवर नजर थांबतच नाही, आणि गाळले जाणारे शब्द बहुधा हेच असतात. तुमच्या प्रयोगात प्रत्येकासाठी बटण दाबावंच लागतं, पण वाचक तिथे रेंगाळत नाही. टकाटक पुढे जातो. त्यामुळे इंग्रजीची सरासरी खाली येते. तिकडे ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात घर आहे, त्याचं सामान्यरूप आहे, ‘समोर’ हे शब्दयोगी आहे आणि पुढच्या शब्दाशी जोडणारा प्रत्ययही आहे. इतकं सगळं एका बटणामागे. दोन्ही भाषा सारख्याच सराईत असलेल्या माणसाचीसुद्धा दर शब्दामागची सरासरी मराठीत जास्त यायची शक्यता दाट आहे.

आता एक करून बघा. तोच डेटा घ्या आणि शब्दाऐवजी पूर्ण वाक्यामागचा वेळ काढा. फरक बराच कमी झाला किंवा चक्क उलटा झाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण त्यावरही विसंबू नका, कारण बटण दाबण्याचा स्वतःचा असा किमान वेळ असतो आणि इंग्रजीत तो बारा वेळा भरावा लागतो, मराठीत पाचच वेळा. डेटा तोच, एकक बदललं की निष्कर्ष बदलतो, अशी स्थिती असेल तर तो निष्कर्ष वाचकांच्या मनाबद्दल नाहीच. मार्गदर्शकांपुढे पहिल्यांदा हे दोन तक्ते शेजारी ठेवा. अर्धा वाद तिथेच मिटेल.

बोलण्याच्या बाबतीतही हाच पेच आहे. १७ भाषांच्या बोलण्याचा वेग मोजणाऱ्या २०१९ मधल्या एका अभ्यासात दर सेकंदाला किती अक्षरं उच्चारली जातात यात भाषाभाषांत खूप फरक आढळला, पण माहितीच्या मापाने पाहिलं तर सगळ्या सेकंदाला साधारण ३९ बिट्सच्या (बिट हे माहिती मोजायचं एकक) आसपास होत्या. वाचनाच्या वेगाचे आकडेही म्हणूनच जपून वापरावेत. इंग्रजीत प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो, असं मार्क ब्रिस्बार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. तो आकडा मराठी वाचकाला लावून ‘मंद’ ठरवणारे लेख मी पाहिले आहेत. त्या तुलनेला काही अर्थ नाही.

मग लिपी. ‘दिवस’ वाचताना वेलांटी ‘द’च्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. ‘पर्वत’मध्ये ‘र’ उच्चारात ‘व’च्या आधी येतो आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर बसतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या कामात, जिथे दिसण्याचा आणि उच्चारण्याचा क्रम जुळत नाही अशा शब्दांना जास्त वेळ लागतो असं दिसलं होतं. हा भुर्दंड लिपीचा आहे, तो वाचकाच्या भाषेच्या खात्यावर टाकता येत नाही. फॉन्टचंही तसंच. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार यांना जागा ठेवावी लागते, त्यामुळे दोन्ही भाषांना फॉन्टच्या आकाराचा सारखाच आकडा दिला तर पडद्यावर मराठी अक्षरं बहुतेक फॉन्टमध्ये बारीक दिसतात. सॉफ्टवेअरमधला आकडा सारखा ठेवला म्हणजे आकार सारखा झाला, असं होत नाही. पट्टी घेऊन पडद्यावर मोजा.

म्हणून लगेच ‘देवनागरी अवघड’ असंही लिहू नका. अक्षर बघून उच्चार ठरवायच्या बाबतीत इंग्रजी कितीतरी बेभरवशाची. युरोपातल्या १३ लेखनपद्धतींच्या तुलनेत (सिमोर आणि सहकारी, २००३) पहिलीच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीचे शब्द ९८ टक्के बरोबर वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुलं ३४ टक्के. देवनागरीचा त्रास वेगळा: नियम सोपे, पण जोडाक्षरं आणि बाराखडी धरून ओळखायच्या आकृत्यांची संख्या मोठी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) अक्षरं पक्की होण्याची प्रक्रिया पहिल्या इयत्तांच्या पुढेही बराच काळ चालू असलेली दिसली. तुमच्या सहभागींनी देवनागरी नेमकी कधी आणि किती वर्षं गिरवली, इंग्रजीच्या आधी, बरोबर की नंतर, हे विचारलं आहे का? नसेल तर आजच फोन करून विचारा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या एका अभ्यासात (२०११) हिंदी आणि इंग्रजी एकाच वेळी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूत दोन लिपींसाठी वेगवेगळ्या भागांवर भर दिसला. इंग्रजी नंतर शिकलेल्यांत तसा फरक दिसला नाही. शिकण्याचा क्रम ही तपशिलाची बाब नाही.

माझ्या मते तुमच्या डेटात सगळ्यात मोठा वाटा मात्र सरावाचा असणार. तुमचे सहभागी मराठी ऐकतात, बोलतात, भांडतात. पण वाचतात काय? पाठ्यपुस्तक, परीक्षा, सूचना, फोनवरचा मजकूर, सगळं इंग्रजी. वाचनाचा वेग हा छापील शब्द डोळ्यांखालून किती वेळा गेला त्यावर ठरतो. एखाद्याला ‘उंबरठा’ हा शब्द लहानपणापासून माहीत असेल, पण लिहिलेला त्याने मोजक्याच वेळा पाहिला असेल तर डोळा तिथे अडखळणारच. मन अडखळलं असं त्यावरून म्हणता येत नाही. भाषा येणं आणि ती वाचता येणं यांत गफलत करू नये. हैदराबादच्या २०१३ मधल्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) अभ्यासात (सुवर्णा अल्लादी आणि सहकारी, ६४८ रुग्ण) द्वैभाषिकांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. म्हणजे एक अक्षरही न वाचणारा माणूस पूर्ण अर्थाने द्वैभाषिक असू शकतो. (दोन भाषा येण्याचा मेंदूला फायदा होतो का, हा विषय प्रस्तावनेत घालायचा मोह होईल. टाळा. बियालिस्टॉक यांचे २००४ मधले निष्कर्ष आणि पाप व ग्रीनबर्ग यांनी २०१३ मध्ये त्यांना दिलेलं आव्हान हा वाद अजून शमलेला नाही, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंधही नाही.)

सराव आणि भाषा वेगळी काढायचा सरळ मार्ग म्हणजे कान. तशीच वाक्यं ध्वनिमुद्रित करून ऐकवा; काही अर्थपूर्ण, काही बिनबुडाची, आणि ‘अर्थ लागतो की नाही’ एवढंच विचारा. दोन्ही भाषांत मुद्रण एकाच आवाजात असू द्या आणि वेळ वाक्य संपल्यापासून मोजा. मराठी कानाने झटपट कळते आणि डोळ्याने हळू, असं निघालं तर भाषा शाबूत आहे, वाचनाला गंज चढला आहे. दोन्हीकडे हळू निघाली तर मार्गदर्शकांच्या म्हणण्याला काहीतरी आधार मिळाला. सध्या तुमच्याकडे यातलं कुठलंच नाही, आणि तुम्हाला पटत नव्हतं त्याचं कारण बहुधा हेच.

यात उताऱ्याची मराठी कुठली, हेही आलं. ‘मुले झाडाखाली खेळत होती, परंतु तेवढ्यात…’ अशी लिहिली असेल तर ती सहभागींच्या तोंडची मराठी नव्हे. ते ‘मुलं’ म्हणतात आणि ‘पण’ म्हणतात. इंग्रजीतून अनुवाद करून आणलेला उतारा असेल तर आणखीच अवघड. मी स्वतः अनुवादित जोड्या वापरणं जवळजवळ सोडून दिलं आहे. त्यापेक्षा प्रत्येक भाषेत मुळातून लिहिलेली वाक्यं घेते आणि प्रश्नच वेगळा विचारते.

तो प्रश्न असा: कुठली भाषा जलद, हे नको, त्या त्या भाषेच्या आत वाचकाला कष्ट कुठे पडतात ते बघा. एकाच भाषेतले, एकाच लिपीतले, सारख्या लांबीचे शब्द घ्या. अर्धे रोजचे, अर्धे क्वचित दिसणारे. क्वचितच्या शब्दांना सगळ्यांनाच जास्त वेळ लागतो. किती जास्त, यात गंमत आहे. ज्या भाषेचा सराव कमी, तिथे ही दरी रुंद होते, कारण रोजचे शब्द कमी सरावातही टिकून राहतात, झळ बसते ती क्वचितच्या शब्दांना. टॅमर गोलान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चित्रांची नावं सांगण्याच्या कामात हे मांडलं. वाचनात व्हेरोनिका व्हिटफर्ड आणि डेब्रा टिटोन यांनी २०१२ मध्ये दाखवलं: ज्या द्वैभाषिकांचा दुसऱ्या भाषेशी रोजचा संपर्क जास्त, त्यांच्यात पहिल्या भाषेतली ही दरी मोठी आणि दुसऱ्या भाषेतली लहान होती. तुमच्या विषयाला याहून जवळचं काम शोधून सापडणार नाही.

या मांडणीचा फायदा असा की वजाबाकी भाषेच्या आतच होते. फॉन्ट दोन्ही बाजूंना तोच, लिपी तीच, शब्द तोडायची रीत तीच. ते सगळं आपसूक कटतं. उरलेली दरी मग प्रत्येक सहभागी मराठी किती वाचतो याच्याशी ताडून पाहायची. ‘एकभाषिक’ गट शोधत फिरायची गरज पडत नाही, आणि ते बरंच, कारण असा गट मिळाला तरी शिक्षण, वय, संगणकाची सवय यांत तो वेगळाच निघतो. फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी १९८९ मध्येच बजावलं होतं की द्वैभाषिक म्हणजे एका माणसात कोंबलेले दोन एकभाषिक नव्हेत. रोजचे शब्द आणि क्वचितचे शब्द ठरवायला इंटरनेटवरच्या मोजण्यांवर अवलंबून राहू नका. त्यांत बातम्यांची भाषा फार असते. प्रयोगात नसलेल्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना शब्दांची यादी देऊन ‘हा लिहिलेला किती वेळा पाहिला’ हे १ ते ७ मध्ये विचारा. काम एका दुपारचं आहे. एक खाचखळगा लक्षात ठेवा: ज्याचा वेळ मुळातच जास्त, त्याचे फरकही मोठे दिसतात. म्हणून विश्लेषण कच्च्या मिलिसेकंदांत करा आणि त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊनही करा. दरी दोन्हीकडे टिकली तरच तिच्याबद्दल बोला.

मराठी वाचताना इंग्रजी बंद असते, असंही गृहीत धरू नका. स्पायव्ही आणि मारियन यांच्या १९९९ मधल्या प्रयोगात रशियन-इंग्रजी द्वैभाषिकांना रशियनमध्ये ‘मार्कू’, म्हणजे टपालाचं तिकीट, उचलायला सांगितलं, तर त्यांची नजर समोर पडलेल्या मार्कर पेनकडे वळत होती. सूचना रशियन, पण इंग्रजी नाव मध्येच डोकावत होतं. म्हणून तुमच्या मराठी उताऱ्यातले ‘स्टेशन’, ‘टेबल’ अशा शब्दांवर वेगळी खूण करून ठेवा. आणि सूचना कुठल्या भाषेत दिल्या, कोणता उतारा आधी आला, हे निम्म्यांना उलटं केलं होतं ना? केलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

आय ट्रॅकरची काळजी सोडा. तुम्ही वापरलेली पद्धत जस्ट, कार्पेंटर आणि वूली यांनी १९८२ मध्ये रुजवली आणि ती आजही चालते. आय ट्रॅकरने जास्तीचं काय मिळालं असतं? वाचताना डोळा एका ठिकाणी सरासरी २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो, १०-१५ टक्के उड्या मागे मारतो, आणि इंग्रजीत उजवीकडच्या चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतचा काहीसा अंदाज आधीच घेत असतो. हे सगळं बटणाच्या पद्धतीत झाकलं जातं. तुमचा प्रश्न मागे वळण्याबद्दल किंवा पुढचं आधी दिसण्याबद्दल असता तर आय ट्रॅकर लागलाच असता. हिंदीत असं काम झालेलं आहे. समर हुसेन, श्रवण वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांचा २०१५ मधला लेख वाचा, वाक्याच्या शेवटी क्रियापद येणाऱ्या आपल्या भाषांबद्दल त्यातून बरंच कळेल. तुमच्या पद्धतीत एवढं मात्र पाळा की अवघड शब्दाचा भार पुष्कळदा त्याच्या पुढच्या शब्दावर दिसतो. त्यामुळे आधीचा शब्द रोजचा असो की क्वचितचा, पुढचा शब्द तोच ठेवायचा आणि वेळ दोन्हींचा बघायचा.

सरासरी काढण्याआधी एकेका सहभागीच्या वेळा नुसत्या डोळ्यांनी चाळायची सवय लावून घ्या. काही जण बटण तालात दाबतात: ३१०, ३०५, ३१२, ३०८… शब्द ‘पण’ असो की ‘घरासमोरच्या’, आकडा हलत नाही. हा माणूस वाचत नाहीये, बोट चालवतोय. आकलनाचे प्रश्न विचारले असतील तर त्याची उत्तरंही तशीच निघतील. अशांना काढायचा नियम आधी लिहून ठेवा, निकाल पाहून नव्हे.

आणि खरी उणीव कुठली, तर गोष्ट एकच होती. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्ये सांगितलं की माणसं जशी नमुना म्हणून निवडलेली असतात तशीच वाक्यंही असतात; माणसामाणसांतला आणि वाक्यावाक्यांतला फरक हिशेबात धरला नाही तर निकाल त्या वाक्यांपुरताच राहतो. बायेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलेली मिश्र-परिणाम प्रतिमानं (असे दोन्ही फरक एकदम हिशेबात धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत) आता सगळीकडे वापरली जातात. सहभागी आणि वाक्य दोन्ही त्यात घाला. पण एका गोष्टीतली वाक्यं एकमेकांत गुंतलेली असतात, ते काही या गणिताने पूर्ण सुटत नाही.

वेळ हातात असेल तर शब्दांची दरी आणि कानाची चाचणी, एवढे दोन छोटे प्रयोग जोडा. सहभागी तेच चालतील. दोन्हींना वेळ नसेल तर कानाची तरी कराच. आणि तीही जमत नसेल तर निष्कर्षात इतकंच लिहा: ‘इंग्रजी माध्यमात शिकलेल्या या मराठी भाषक वाचकांना या उताऱ्यात दर शब्दामागे मराठीत जास्त वेळ लागला. शब्दरचना, लिपी आणि वाचनाचा सराव यांचा वाटा प्रस्तुत मांडणीत वेगळा काढता येत नाही.’ परीक्षक यावर नाराज होणार नाहीत. ‘मातृभाषा दुय्यम झाली’ असं लिहिलंत, तर मात्र पहिला प्रश्न फॉन्टच्या आकारावरच येईल.